पोलिओचे डोस झालेत तरी परत का पाजतात, थोडी मागची गोष्ट

पोलिओ रविवार आला की आपल्याकडे जळगाव-धुळ्यात कोणीतरी आशाताईला अडवतंच, "अहो ताई, आमच्या पोऱ्याचे सगळे डोस झालेत, हे बघा कार्ड, मग परत कशाला?" ताई बिचारी वरून ऑर्डर आहे म्हणते, दोन थेंब पाजते आणि पुढच्या घरी जाते. प्रश्न मात्र एकदम रास्त आहे.

लस काही नवी नव्हती. साल्कची इंजेक्शनवाली लस १९५५ ला आली, साबिनची तोंडावाटे द्यायची लस साठच्या दशकाच्या सुरुवातीला. आपण थेंबवाली घेतली, कारण स्वस्त, सुईची भानगड नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे ती थेट आतड्यात काम करते. पोलिओचा विषाणू विष्ठेतून पाण्यात, हातावर, तिथून दुसऱ्या पोराच्या तोंडात असा फिरतो ना, म्हणून आतड्यातच अडवलेला बरा. आता यातली खरी बदमाशी अशी की लागण झालेल्या बहुतेक पोरांना काहीच होत नाही, साधारण दोनशेत एकाला कायमचा लुळेपणा येतो, म्हणजे गावात एक पोरगं पायाने अधू झालं तोवर विषाणू शेकडो घरं फिरून आलेला असतो.

१९७८ ला राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, १९८५ पासून तो टप्प्याटप्प्याने सगळ्या जिल्ह्यांत नेला. पण दवाखान्यात जो येईल त्याला डोस मिळायचा, जो येत नाही तो राहायचा. धडगाव-अक्कलकुव्याकडचे पाडे, वीटभट्टीवरची बिऱ्हाडं, दिवाळीनंतर गुजरातकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, ही पोरं नेमकी सुटायची, आणि विषाणूला राहायला तेवढी जागा पुरते. १९८८ ला जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओ संपवायचा ठराव केला, तेव्हा जगात वर्षाला अंदाजे साडेतीन लाख केसेस व्हायच्या. मग कल्पना निघाली की कार्ड बघायचंच नाही, एकाच दिवशी सगळ्या पोरांना पाजायचं, विषाणूला घरच ठेवायचं नाही. २ ऑक्टोबर १९९४ ला दिल्लीत करून बघितलं, डिसेंबर १९९५ पासून देशभर. आधी तीन वर्षांखालचे, नंतर पाच. पुढे एका राउंडला सुमारे १७ कोटी पोरं व्हायची, एवढं अवाढव्य काम निवडणूक सोडली तर आपल्याकडे क्वचितच होत असेल.

राउंड बहुतेक थंडीतच का, तर तेव्हा विषाणू कमी फिरतो, आणि दुसरं कारण खानदेशातल्या माणसाला सांगायलाच नको. ही लस उष्णतेला सगळ्यात नाजूक, जास्त दिवस ठेवायची तर उणे २० डिग्री लागते आणि आपलं भुसावळ मे महिन्यात ४५ पार! म्हणून तो बर्फाच्या पॅकवाला डबा खांद्याला, आणि बाटलीवर एका गोलात छोटा चौकोन असतो, तो उष्णतेने गडद होत जातो, बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की ती बाटली बाद. घरावर खडूने पी (सगळ्या पोरांना पाजलं) किंवा एक्स (कोणीतरी राहिलं, परत यायचं), पोराच्या डाव्या करंगळीला शाई. सातपुड्यात हाच डबा घेऊन पायी चढायचं, त्या लोकांचं कौतुक कमीच झालं असं मला तरी वाटतं.

तरी पोलिओ जाईना. २००२ ला देशात १६०० केसेस, त्यातल्या बहुतेक उत्तर प्रदेशात, २००९ ला ७४१. तिकडे गर्दी, घाण पाणी, पोरांना सारखं जुलाब, त्यामुळे थेंब पोटात टिकून कामच करत नव्हते, सात-आठ डोस झालेल्या पोरांनाही पोलिओ झाला. तर "सगळे डोस झालेत" याचं उत्तर हे आहे. वर नसबंदीचा डोस आहे म्हणून अफवा. आणि तिकडचा विषाणू तिकडेच थोडी राहतो, मुंबईच्या सांडपाण्यात उत्तरेकडचा विषाणू सापडायचा, आणि त्या गाड्या तर भुसावळ जंक्शनवरूनच जातात, म्हणून स्टेशनवर, बसस्टँडवर टीम उभ्या करायच्या. २०१० मध्ये नवीन द्विगुणी लस, म्हणजे पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी एक आणि तीन या दोघांवर चालणारी, आली, त्या वर्षी केसेस ४२ वर आल्या, आणि १३ जानेवारी २०११ ला हावड्याची एक मुलगी, ती शेवटची. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त.

आता थेंबांच्या जोडीला सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना दंडावर इंजेक्शन पण असतं. कारण थेंबातला विषाणू जिवंत पण कमजोर केलेला, जिथे बरीच पोरं लसीविना राहतात तिथे तो फिरत फिरत क्वचित परत ताकदवान होतो. म्हणूनच २०१६ ला नेहमीच्या थेंबातूनही टाईप दोन, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा विषाणू, काढला. २०२४ ला मेघालयात अशीच एक केस निघाली, आणि पाकिस्तान-अफगाणिस्तानात तर मूळ विषाणू अजून फिरतोच आहे, त्यामुळे राउंड चालूच राहणार. कामासाठी बाहेर जाणाऱ्यांनी कार्ड सोबत न्यायचं, डोस कुठल्याही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो.