नवा पत्रा बसवला तरी गंज परत का येतो?

जुन्या गाडीचा सडलेला पत्रा कापला, नवा वेल्ड केला, वर झकास पेंट मारला आणि दोन-तीन वर्षांत बरोबर जोडाच्या रेषेवरच पेंटला फुगे आले, हे क्लासिक गाड्यांमध्ये इतकं सर्रास होतं की लोक थेट पेंटवाल्यालाच शिव्या घालतात. पण बऱ्याचदा त्याचा काही दोष नसतो. गंज आतून आलेला असतो आणि त्याला वाट वेल्डिंगनेच करून दिलेली असते.

गाडीचा पत्रा साधारण 0.8 ते 1.2 मिमी जाडीचा असतो आणि पोलाद वितळतं 1500 अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यामुळे बाहेरून वेल्डिंगचा टाका घातला की मागच्या बाजूला जे काही प्रायमर-पेंट असेल ते जळून जाणारच. पत्रा जस्ताचा थर दिलेला असेल तरी सुटका नाही, कारण जस्त 420 अंशांना वितळतं आणि 907 अंशांना उकळतं, म्हणजे पोलाद वितळायच्या खूप आधीच टाक्याशेजारचं जस्त वाफ होऊन उडून जातं. तो जो पांढरा धूर दिसतो तो झिंक ऑक्साइडचा. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, म्हणून जोडाच्या कडेचं जस्त आधी घासून काढायचं, चांगला मास्क लावायचा आणि हवा खेळती ठेवायची. आणि हो, क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून लगेच वेल्डिंग अजिबात करू नका, आर्कच्या (वेल्डिंग करताना पेटणाऱ्या विजेच्या झोताच्या) उष्णतेत आणि प्रकाशात त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो.

आता त्या उघड्या पडलेल्या मागच्या बाजूला नेमकं काय होतं ते बघू. गंज ही विजेची भानगड आहे. ओल्या लोखंडाच्या एका भागातून इलेक्ट्रॉन निघतात, दुसऱ्या भागावर ऑक्सिजन ते घेतो, आणि ज्या भागातून निघतात तिथलं लोखंड विरघळत जातं. गंमत अशी की विरघळतो तो भाग कमी ऑक्सिजनवाला. दोन पत्रे एकावर एक चढवून जोडले की मधल्या फटीत पाणी शिरतं, तिथे हवा पोचत नाही, आणि मोकळी बाजू ठीक असताना फट मात्र आतून खात सुटते. त्यात मीठ मिसळलं तर पाण्यातून वीज आणखी सहज वाहते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो फुगून दोन्ही पत्रे एकमेकांपासून ढकलून लांब करतो. त्यामुळे जमेल तिथे कडेला कड लावून जोड द्यावा असं माझं मत, जरी ते काम जास्त किचकट असलं तरी.

किचकट का, तर पत्रा वाकडा होतो. एक मीटर पोलाद 100 अंशांनी तापलं की साधारण 1.2 मिमी वाढतं. टाक्याजवळचा भाग तर शेकडो अंश तापतो, त्याला पसरायचं असतं पण आजूबाजूचा थंड पत्रा पसरू देत नाही, मग तो मऊ झालेला भाग स्वतःतच दाबला जाऊन जाड होतो आणि थंड होताना आकसला की पहिल्यापेक्षा आखूड झालेला असतो, आणि मग अख्खं पॅनेल लाटा आल्यासारखं होतं. म्हणून सलग रेघ ओढायची नाही. एक टॅक, म्हणजे ठिपक्याएवढा टाका, इथे, दुसरा लांब तिथे, आणि मध्ये हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. आखूड झालेला टाका मागे डॉली (हातात धरायचा पोलादी ठोकळा) धरून हातोडीने ठोकला की परत ताणला जातो. मिग वेल्डिंगचा (यात तार बंदुकीतून आपोआप येते) टाका कडक असतो त्यामुळे ठोकायला त्रास देतो, टिगचा (यात टंगस्टनच्या टोकाने पत्रा वितळवून तार हाताने घालतात) त्यामानाने मऊ, पण त्यात पत्रा जास्त वेळ तापतो. नंतर ग्राइंडर दाबून धरला तर तोही पत्रा तापवतोच, हे बरेच जण विसरतात. दाराखालची सिल बदलायची असेल तर ती कापायच्या आधीच दाराच्या चौकटीला आडव्या पट्ट्या मारून घ्या, बऱ्याच जुन्या गाड्यांचा भार तीच सिल पेलत असते.

आता संरक्षणाचं. झाकल्या जाणाऱ्या जोडावर वेल्ड-थ्रू प्रायमर, म्हणजे ज्याच्यावरूनच वेल्डिंग करता येतं असा प्रायमर, मारतात, त्यात बहुतेक वेळा जस्त भरपूर असतं. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, म्हणून लोखंड वाचतं. हीच कल्पना हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने 1824 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या बुडाला ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्यावर वापरली होती. तांबं खरंच झिजायचं थांबलं, पण त्यातून सुटणारं तांबंच शेवाळ आणि शिंपल्यांना दूर ठेवत होतं, ते सुटायचं थांबल्यावर जहाजांच्या बुडाला जंगल उगवलं! गाडीला ती भीती नाही. फक्त हे प्रायमरही टाक्याच्या अगदी जवळ जळतंच, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

म्हणून सिलसारखी आतली पोकळी बंद करण्याआधी आतून एपॉक्सी प्रायमर मारून घ्यायचा, फक्त वेल्डच्या जागी थोडी पट्टी मोकळी सोडायची. बाहेरून टाका घासून साफ झाला की तिथेही एपॉक्सी आणि त्यावर पुट्टी. उघड्या पत्र्यावर थेट पुट्टी मला पटत नाही, ती ओल शोषते आणि ती ओल पत्र्यालगतच धरून ठेवते. सीम सीलरही (सांध्यांच्या फटी बुजवायची लुकण) प्रायमरवरच. सगळ्यात शेवटी, पेंट वाळल्यावर, लांब नळीने पोकळीत वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं पातळ मेण. ते पातळ असताना फटींमध्ये आपोआप सरकतं आणि जळालेल्या जागेपर्यंत पोचायचा हाच एक उपाय उरलेला असतो. घाई करून आधी मारलंत तर वेल्डिंगला पेट घेईल आणि पेंटही धरणार नाही. खालची पाणी जायची भोकं वॅक्सने बुजली नाहीत ना ते तार घालून बघा, आणि नळी घालायला पाडलेल्या भोकांना रबरी बूच लावा, काही वर्षांनी परत वॅक्स मारायचंच आहे.