देवीच्या दारात सापडलेला शब्दकोश

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ झॅन्थॉस हे पडकं शहर आहे, लिशिया या प्राचीन प्रांतातलं सगळ्यांत मोठं. तिथल्या थडग्यांवर आणि खांबांवर लिशियन भाषेतले लेख कोरलेले आहेत. अडचण अशी, की ते वाचता येत, पण कळत नसत. लिपी ग्रीकच्या नात्यातली, त्यामुळे अक्षरं लागत. अर्थ मात्र ‘हे थडगं अमक्यानं बायकोमुलांसाठी बांधलं’ या छापाच्या वाक्यांपुढे गेला, की अडखळायचा.

वाट सापडली ती शहरात नाही, तर चारेक किलोमीटरवरच्या लेटून या देवस्थानात. ग्रीक देवी लेटो आणि तिची जुळी मुलं, अपोलो व आर्टेमिस, यांची तीन देवळं इथे शेजारीशेजारी उभी होती. १९७३ मध्ये अपोलोच्या देवळाजवळ फ्रेंच उत्खनकांना चुनखडीचा एक शिलालेख मिळाला. दोन रुंद बाजूंवर लिशियन आणि ग्रीक, अरुंद बाजूवर अरामाईक. अरामाईक ही इराणी साम्राज्याची दफ्तरी भाषा, आणि इ. स. पू. चौथ्या शतकात लिशिया त्याच साम्राज्यात होता.

मजकूर तिन्ही भाषांत साधारण एकच, आणि तसा रुक्षच. झॅन्थॉसकरांनी कौनॉस या शहराच्या देवाची पूजा सुरू केली, सीमियास नावाचा पुजारी नेमला, देवाला जमीन लावून दिली. दर महिन्याला एक मेंढा, वर्षाला एक बैल. गुलामीतून सुटणाऱ्याने देवाला दोन द्राख्मा द्यायचे. आपल्याकडच्या देवस्थान इनामाच्या सनदेची आठवण व्हावी, इतका हिशेबी कागद!

पण भाषा उलगडणाऱ्याला असा हिशेबच हवा असतो. आधी विशेषनामं हेरायची, कारण ती भाषांतरात फारशी बदलत नाहीत. सीमियास तिन्हीकडे ओळखू येतो. शहराचं नाव मात्र ग्रीकमध्ये झॅन्थॉस, लिशियनमध्ये अर्न्ना आणि अरामाईकमध्ये ओर्ना. नावांच्या खुंट्या पक्क्या झाल्या, की मधले शब्द एकेक करून जुळवत जायचं. लिशियन ही इंडो-युरोपीय कुळातली, म्हणजे मराठीची लांबची भावकी. तिच्यात घोड्याला ‘एस्बे’ म्हणत. शेजारी ‘अश्व’ ठेवून पाहा.

लेटूनमध्ये आज भूजल वर आलंय, अवशेषांचा काही भाग पाण्यात असतो आणि बेडूक ओरडत असतात. तहानलेल्या लेटोला पाणी पिऊ न देणाऱ्या लिशियन गावकऱ्यांना तिनं बेडूक केलं, अशी जुनी कथा आहे. भूजलाला ती ठाऊक असण्याचं कारण नाही, तरी मजा वाटते.

झॅन्थॉसमधल्या एका उंच खांबावर लिशियनबरोबरच तिच्या बहिणीतला, मिलियन भाषेतला मजकूर आहे. त्याचा बराच भाग अजून लागलेला नाही. मिलियनला तिचा सीमियास भेटायचाय.