पापडखार, सोयाबीन आणि रामेनची वाटी

मावशीनं वाटीतली एक नूडल बोटांनीच उचलली. चिमटीत धरून दाबली, थोडी ताणली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "ह्याच्यात पापडखार पडलाय गं."

छत्रपती संभाजीनगरात माझ्या घराजवळच्या गल्लीत एक छोटं जपानी हॉटेल आहे. पाच-सहा टेबलं, भिंतीला लागून उघडं स्वयंपाकघर, संध्याकाळी कॉलेजच्या पोरांची गर्दी. मावशी औसा तालुक्यातून डोळे तपासायला आली होती आणि मी तिला हौसेनं तिथं नेलं होतं. ती माळकरी असल्यामुळे बसण्याआधीच मालकाला खोदून विचारून घेतलं. रामेन म्हणजे गरम रश्श्यातल्या नूडल्स, आणि तो रस्सा बहुतेक वेळा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा असतो. दिसायला निव्वळ भाज्यांचं असलेल्या जपानी सुपातही वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असू शकतो, त्यामुळे माळकऱ्यांनी आणि जैनांनी विचारायलाच हवं. इथं शाकाहारी रस्सा वेगळ्या पातेल्यात होत होता. त्यात कोंबू नावाचं समुद्री शेवाळ, वाळवलेले शिताके मशरूम आणि मिसो नावाचं मुरवलेलं खारट वाटण होतं.

मावशीचं निदान अचूक होतं. तीस वर्षं उडदाचे पापड लाटलेल्या बाईला खाराचा वास आणि पिठाचा ताण न कळला तरच नवल! रामेनच्या नूडल्स ज्या क्षारयुक्त पाण्यात मळतात त्याला जपानीत 'कान्सुई' म्हणतात. त्यात सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट असतं. आपल्या पापडखारातही मुख्यतः सोडियमचे असेच क्षार असतात. पीठ क्षाराच्या पाण्यात मळायची रीत मूळची चीनची. चिनी स्वयंपाक्यांबरोबर ती जपानात गेली. तोक्योच्या असाकुसा भागात १९१० साली राइराइकेन नावाचं दुकान निघालं, तिथून हा पदार्थ शहरात पसरत गेला.

पिठाच्या साधारण एक टक्का एवढाच हा खार लागतो, पण तो पिठाचा स्वभाव बदलून टाकतो. गव्हातली प्रथिनं पाण्यात भिजली की त्यांची जाळी तयार होते, तिलाच ग्लुटेन म्हणतात. क्षारामुळे या जाळीचे धागे एकमेकांना अधिक घट्ट बांधले जातात. म्हणून उकळत्या रश्श्यात पडूनही रामेनची नूडल लगेच गळत नाही आणि दाताखाली चिवट लागते. साध्या मैद्याची शेवई तेवढ्याच वेळात लगदा होते.

दुसरा बदल रंगाचा. नूडलचा पिवळेपणा पाहून त्यात अंडं किंवा हळद असावी असं पुष्कळांना वाटतं. काही ठिकाणी अंडं घालतातही, पण पिवळेपणासाठी त्याची गरज नसते. मैद्यात फ्लेव्होनॉइड गटातली काही द्रव्यं असतात. ती एरवी रंगहीन असतात आणि क्षार लागला की पिवळी होतात. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. द्रव्य वेगळं, रंग वेगळा, पण घडतं त्याच जातीचं. घरी करून बघायचं तर मूठभर मैदा साध्या पाण्यात आणि मूठभर पापडखाराच्या पाण्यात मळून दोन्ही गोळे शेजारी ठेवा. फरक डोळ्यांना दिसतो.

मराठवाड्याच्या वेशीवर, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचं सरोवर आहे. त्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास आहे, म्हणजे ते चांगलंच क्षारयुक्त आहे, आणि त्यातला खार लोक फार पूर्वीपासून काढत आले. म्हणजे ज्या रसायनावर रामेन उभं आहे ते आपल्याला परकं नाही. आपण ते पापडात घातलं, त्यांनी शेवईत.

खरी गंमत मात्र रश्श्यात आहे. मावशीनं पहिला भुरका मारला. जपानात नूडल्स आवाज करत, भुरके मारतच खातात. त्यानं घास थोडा निवतो आणि वास घशामागून नाकात चढतो, त्यामुळे चव अधिक भरून येते. मावशीला हे सांगावं लागलं नाही, आमटी-भाकरी खाणाऱ्याला भुरका शिकवावा लागत नाही. दोन भुरक्यांनंतर ती म्हणाली, "लई मुरलंय गं हे."

मला वाटतं, जपानी लोक ज्या चवीला उमामी म्हणतात तिला मराठीत याहून जवळचा शब्द सापडायचा नाही. किकुनाए इकेदा हे तोक्योच्या इंपिरियल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ. कोंबूच्या पाण्याला येणारी चव गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातच बसत नाही, हे त्यांना जाणवलं. त्यांनी १२ किलो वाळलेलं कोंबू घेऊन त्यातून सुमारे ३० ग्रॅम ग्लुटामिक आम्ल वेगळं केलं आणि १९०८ मध्ये या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. ग्लुटामेट म्हणजे याच आम्लाचं रूप, प्रथिनांचा एक घटक. प्रथिनाच्या लांब साखळीत अडकलेला असताना त्याला चव नसते, साखळी तुटून तो मोकळा झाला की जिभेला कळतो. पिकलेल्या टोमॅटोत तो असतो, आईच्या दुधातही असतो. जिभेवर त्याला ओळखणारं खास ग्राहक रेणूंचं जोडपं २००२ मध्ये सापडलं, आणि उमामी ही स्वतंत्र चव आहे का या जुन्या वादातला दम गेला.

शिताके मशरूम त्या रश्श्यात उगाच नव्हते. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी दाखवलं की मशरूममधलं ग्वानिलेट हे द्रव्य ग्लुटामेटच्या जोडीला आलं की चवीची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. वाळवलेल्या शिताकेत ते ताज्यापेक्षा बरंच जास्त मिळतं. मांस-मासळी न खाणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या स्वयंपाकात ही जोडी कित्येक पिढ्यांपासून आहे. त्यांना रसायन ठाऊक नव्हतं, पण जिभेनं बरोबर माग काढला होता.

मालक मोकळा माणूस. त्यानं सांगितलं की सुरुवातीला बोअरच्या पाण्यात कोंबू भिजवलं तर रस्सा बेचव व्हायचा, वर तवंग धरायचा. मावशी लगेच म्हणाली, "मग? जड पाण्यात डाळ तरी कुठं शिजते?" तिचं हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं, कारण दोन्हीमागचं कारण जवळजवळ एकच आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम बरंच असतं. तुरीच्या डाळीच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना चिकटलेल्या असतात. कॅल्शियम त्या पेक्टिनला धरून बसतं, त्यामुळे डाळ फुटत नाही. कोंबूत पेक्टिनऐवजी अल्जिनेट असतं. कॅल्शियम त्यालाही तसंच घट्ट करतं आणि आतला ग्लुटामेट बाहेर पडायला अडतो. जपानच्या नद्या आखूड आणि उताराच्या, पाणी खडकात फार काळ मुरत नाही, म्हणून ते मऊ असतं. मालक आता फिल्टरचं पाणी वापरतो आणि कोंबू उकळू देत नाही, साठ अंशांच्या आसपास ठेवून काढून घेतो. उकळलं की चिकट द्रव्यं आणि शेवाळाचा उग्र वास उतरतो.

आता मिसो. मला ज्याबद्दल मनापासून बोलायचं आहे ते हेच. मालकानं डबा आणून दाखवला. गडद तपकिरी, चिंचेच्या कोळासारखा दाट, वास खारट आणि खमंग. मावशीनं बोटाच्या टोकावर घेऊन चाखला आणि कशाचा म्हणून विचारलं. सोयाबीनचा म्हटल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या चार एकरांपैकी तीन एकरांत दर खरिपात सोयाबीन असतं. लातूरच्या बाजारात हंगामात सोयाबीनचे ढीग लागतात. पण ते आपल्या ताटात येतं ते तेल होऊन, फार तर वड्या होऊन, नाहीतर दळणात टाकलेल्या मुठीतून. तेल काढल्यावर उरलेली पेंड कोंबड्यांना जाते. आणि प्रथिनं तर त्या पेंडीतच असतात. सोयाबीनच्या दाण्यात तेल सुमारे २० टक्के आणि प्रथिनं ४० टक्क्यांच्या आसपास. त्या प्रथिनांचा साधारण पाचवा हिस्सा ग्लुटामिक आम्लाचा. म्हणजे ही मुरलेली चव आपल्या शेतातच पडून आहे, फक्त साखळीत कोंडलेली.

ती कुलपं उघडायचं काम एक बुरशी करते. तिचं नाव ॲस्परजिलस ओरायझी, जपानी लोक तिला 'कोजी' म्हणतात. वाफवलेल्या तांदळावर किंवा सातूवर ती वाढवतात, दोन दिवसांत दाणे पांढऱ्या मऊ लवेनं भरून जातात. मग ते शिजवून ठेचलेल्या सोयाबीनमध्ये मिठाबरोबर कालवून महिनोन्‌महिने मुरत ठेवतात. बुरशीची विकरं प्रथिनांच्या साखळ्या तोडत जातात, ग्लुटामेट मोकळा होतो, रंग गडद होतो. मीठ इतकं असतं की सडवणाऱ्या जिवाणूंची डाळ शिजत नाही. सोया सॉसही याच वाटेनं होतो, फक्त त्यात गहूही असतो.

बुरशी म्हटल्यावर मावशीच्या कपाळाला आठी पडली. सोयाबीन काढणीला येतं तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो, गंजीतल्या शेंगा भिजतात, काळ्या पडतात आणि बाजारात भाव कोसळतो. तिनं हे कितीदा सोसलंय. तेव्हा हे ठळकपणे सांगायला हवं: भिजलेल्या धान्यावर येणारी बुरशी आणि कोजी एक नव्हे. कोजीची सख्खी नातलग ॲस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवते, ते यकृताला घातक असतं आणि शिजवूनही जात नाही. शेकडो वर्षं माणसाच्या हाताखाली वाढलेल्या कोजीनं ते विष बनवायची क्षमता गमावली आहे. म्हणून मिसो करायचं तर शुद्ध विरजणच हवं, घरातल्या कुठल्याही बुरशीवर प्रयोग नको. जपानमधल्या मद्यनिर्मिती शास्त्राच्या संस्थेनं २००६ मध्ये कोजीला 'राष्ट्रीय बुरशी' म्हटलं. आपल्याकडे सोयाबीनचा दर्जा बघताना बुरशी हे फक्त नुकसानीचं लक्षण आहे. एवढं पीक घेणाऱ्या मुलखात दोन-चार ठिकाणी तरी नीट शिकून मिसो मुरत पडायला हवं, असं मला फार वाटतं.

सुशीचं, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भाताच्या घासांचं, थोडक्यात सांगते. आम्ही काकडी आणि अव्होकाडोचे रोल घेतले. भात मुद्दाम चिकट, कारण त्या आखूड दाण्याच्या तांदळात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार कमी, साधारण १५ ते २० टक्के. आपला मोकळा भात होतो तो अमायलोज जास्त असल्यामुळे. भातातलं व्हिनेगर चवीपुरतं नसतं, आंबटपणामुळे रोगजंतूंची वाढ रोखली जाते. सुशीचा उगमच भातात मासे आंबवून टिकवण्यात आहे. सोबत हिरवी वासाबी होती, तिचा झटका जिभेपेक्षा नाकात बसतो. लोणच्यासाठी मोहरी फेसताना डोळ्यांत पाणी येतं, ते आणणारं द्रव्य हेच. अखंड मोहरीला झणका नसतो, दाणा फुटून पाणी लागलं की तो तयार होतो आणि हवेत उडतो.

कच्च्या माशांची सुशी मात्र जपून. कच्चे खायचे बहुतेक समुद्री मासे आधी उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावेत असा अमेरिकेच्या अन्न प्रशासनाचा दंडक आहे, त्यानं त्यातल्या परजीवी अळ्या मरतात. नाथसागरातला रोहू-कटला कितीही ताजा असला तरी तो कच्चा खायचा नाही. गोड्या पाण्यातल्या माशांत यकृतात घर करणारे कृमी असू शकतात.

मावशीनं वाटी तोंडाला लावून तळ गाठला. निघताना मालकाला विचारलं, मिसो कुठून येतो? जपानहून मुंबईला, तिथून इथं. किलोचा भाव ऐकून तिनं मनातल्या मनात क्विंटलचा हिशेब केला असावा, कारण रिक्षात ती बराच वेळ गप्प होती.

आठवड्यानं तिचा फोन आला. मैद्यात चिमूटभर पापडखार घालून तिनं शेवयाच्या मशीनवर जाड शेवया पाडल्या होत्या. पिवळ्या झाल्या, म्हणाली. उकळून येसराच्या आमटीत टाकल्या. पोरांनी वाट्या परत मागितल्या, आणि जेवणं उरकेपर्यंत तळाशी राहिलेल्या शेवया अजून तुटल्या नव्हत्या. तिला आता कोजीचं विरजण कुठं मिळतं ते हवं आहे.