वर्ग पूर्ण केलेला नवरा सुधारतो का?

बायकोला मारहाण करणाऱ्या पुरुषांसाठी सुधारणा वर्ग चालवणारे एक आकडा हमखास सांगतात: वर्ग पूर्ण केलेल्यांपैकी बहुतेकांविरुद्ध पुन्हा तक्रार आली नाही. हा आकडा म्हणजे कोचिंग क्लासचा फ्लेक्स. नापासांचे फोटो त्यावर नसतात. सहा महिने नेमाने येणारा माणूस बहुधा नोकरीधंद्याचा, अब्रूला जपणारा असतो. तो वर्गाविनाही कदाचित थांबला असता.

म्हणून वर्गाचा खरा उपयोग तपासायचा, तर वर्गाला कोण जाणार हे चिठ्ठी टाकून ठरवावं लागतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९९०च्या दशकात तसं झालं. कोर्टात आलेल्या, वर्गाला राजी असलेल्या ३७६ पुरुषांची विभागणी केली. काहींना ४० तास समाजसेवा, बाकीच्यांना साधारण तितक्याच तासांचा वर्ग. पण कुणाला २६ आठवड्यांत, कुणाला ८ आठवड्यांत उरकलेला. शिकवणी दुलुथ पठडीची. मिनेसोटातल्या दुलुथ गावात १९८१ साली सुरू झालेली ही पठडी मारहाणीकडे रागाचा झटका म्हणून नव्हे, तर बायकोला मुठीत ठेवण्याची रीत म्हणून पाहते. ('तीन दिवसांत राग जिंका' शिबिरवाल्यांनी आणि 'मूल झालं की सुधारेल' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढं तरी ऐकावं.)

खरी गंमत हिशेबात आहे. ज्याची चिठ्ठी ज्या गटात निघाली, तो शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचा. पहिल्याच दिवशी पळाला तरी. नाहीतर पळपुटे गाळले जातात आणि पुन्हा तोच फ्लेक्स तयार होतो.

८ आठवड्यांचा वर्ग ६७ टक्क्यांनी पूर्ण केला, २६ आठवड्यांचा जेमतेम २७ टक्क्यांनी. तरी पोलिसांकडे नव्या तक्रारी कमी झाल्या त्या २६ आठवडेवाल्यांच्या अख्ख्या गटाविरुद्ध. ८ आठवडेवाले समाजसेवावाल्यांहून वेगळे दिसले नाहीत. धड्यांनी मन बदलत असतं, तर उलट दिसायला हवं होतं. वर्ग चालू असेपर्यंत डोक्यावर कोर्टाची टांगती तलवार होती, बहुधा तिनेच हात आवरला.

आणि तक्रार म्हणजे तरी काय? बाई चौकीपर्यंत पोहोचली तरच ती होते. बायकांना थेट विचारलं, तेव्हा ब्रुकलिनच्या गटांत ठोस म्हणावा असा फरक सापडला नाही. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीच्या अशाच प्रयोगात ४०४ पुरुष होते. वर्षभराने त्यांच्यापैकी एक चतुर्थांश जणांच्याही बायका मुलाखतीला मिळाल्या नाहीत. बाकीच्या घरांबाबत संशोधकांना भिस्त ठेवावी लागली ती पोलिसांच्या दप्तरावर आणि मारणाऱ्याच्याच सांगण्यावर.