नोटांचा छापखाना आणि अंबडचे गाळे

दहावी-बारावीचे निकाल लागले की नाशिकमधल्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘नोकरी बघ, धंदा आपल्या रक्तात नाही.’ या वाक्याचा मला मनापासून राग येतो. कुठल्या भागात उद्योजक जास्त आणि कुठे कमी, हा अभ्यासाचा विषय आहे, आणि तो नाशिकमध्ये बसूनही तपासता येतो.

नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, म्हणजे करन्सी नोट प्रेस, १९२८ चा. जवळजवळ शंभर वर्षं तिथे देशातलं अतिशय बारीक आणि अचूक छपाईकाम चाललं आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसबी कामगार तिथे घडले. पण त्या कामाचं जॉबवर्क, म्हणजे बाहेरच्याकडून करून घ्यायचं सुटं काम, बाहेर पडूच शकत नाही. नोटांचा कागद होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम), म्हैसूरकडच्या खास गिरण्यांतून येतो, शाई देवासला बनते आणि मुख्य गिऱ्हाईक एकच, रिझर्व्ह बँक. आतल्या माणसाचं कसब कितीही मोठं असलं तरी ते विकत घेणारं दुसरं दारच नाही. बाहेर पडून हेच काम सुरू केलं तर तो गुन्हा!

तिथून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर अंबड आणि सातपूर या औद्योगिक वसाहती. इथे मायको (आताची बॉश), महिंद्रा, सीमेन्स, क्रॉम्प्टन, एबीबी असे कारखाने आले आणि त्यांच्याभोवती लहान युनिट्सची दाटी झाली. माणसं तीच, सिन्नर-निफाड-दिंडोरीकडून शहरात आलेली. भाषा तीच, सणवार तेच. मग फरक कशाने पडला?

एक साधी वस्तू घ्या, वीजपॅनेलचा पत्र्याचा डबा. सीआरसी (थंड लाटलेला पोलादी) पत्रा आधी लेझरवर कापायचा, मग प्रेस ब्रेकवर वाकवायचा, वेल्डिंग, ग्राइंडिंग, मग सेव्हन टँकमध्ये, म्हणजे ओळीने ठेवलेल्या सात टाक्यांत, तेल आणि गंज काढून फॉस्फेटचा थर द्यायचा, पावडर कोटिंग करून साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजायचा, आणि शेवटी कोटिंगची जाडी मायक्रॉनमध्ये मोजायची. ही सगळी यंत्रं एकट्याने घ्यायची तर भांडवल कोटींत जातं. अंबडला मात्र यातलं प्रत्येक काम करून देणारा कोणी ना कोणी सापडतो. त्यामुळे नव्याने सुरू करणाऱ्याला फक्त एक सेकंडहँड प्रेस ब्रेक आणि भाड्याचा गाळा पुरतो. बाकीचं काम टेम्पोत घालून पाठवायचं. आणि हे सगळं तो शिकतो कुठे? आधीच्या नोकरीत. कोणता पार्ट किती रुपयांना जातो, कोणाचा माल जास्त नापास होतो, खरेदी विभागात कोणाला भेटायचं, हे लहान युनिटमध्ये दोन-तीन वर्षं काढलेल्या सुपरवायझरला तोंडपाठ असतं. दहा हजार कामगारांच्या कारखान्यात एका मशीनवर वीस वर्षं काढलेल्याला ते कळायची सोय नसते.

बेंजामिन चिनिट्झ या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली न्यूयॉर्क आणि पिट्सबर्गची तुलना करून हेच मांडलं. पिट्सबर्गला अवाढव्य पोलाद कंपन्या, सगळं घरातच बनवणाऱ्या. न्यूयॉर्कला कपडे शिवणारे असंख्य छोटे कारखाने. नवे उद्योजक न्यूयॉर्कला जास्त निपजले. यावर शंका अशी की मुळातच धाडसी लोक न्यूयॉर्कला गेले असतील. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याला सुंदर उत्तर दिलं. त्यांनी १९०० च्या सुमारास कोणत्या शहरांजवळ खनिजांच्या खाणी होत्या ते पाहिलं. जमिनीखाली कोळसा कुठे सापडावा हे वर राहणाऱ्यांच्या स्वभावावर ठरत नाही. तरीही खाणींजवळच्या शहरांत मोठ्या कंपन्या जास्त आणि कित्येक दशकांनंतरही नवे उद्योग कमी, असं दिसलं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, थोडं गणित. गव्हाला मुळाशी जसे फुटवे येतात तशा चालू युनिटमधून नव्या युनिट्स फुटतात. समजा, दर वर्षी शंभर युनिट्समागे नव्याने फुटणाऱ्या ‘फ’ आणि बंद पडणाऱ्या ‘ब’. पुढच्या वर्षीची संख्या म्हणजे या वर्षीची संख्या गुणिले (१ + (फ − ब)/१००). दोन गावं घेऊ, दोन्हीकडे १०० युनिट्स. पहिल्या गावात फ ५ आणि ब ३. दुसऱ्यात फ ३ आणि ब ५. फरक इतका बारीक की पहिली काही वर्षं कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण १.०२ चा ३५ वा घात २ आणि ०.९८ चा ३५ वा घात ०.४९. म्हणजे ३५ वर्षांनी एकीकडे २०० युनिट्स, दुसरीकडे ४९. पुढची पिढी हा चौपट फरक बघते आणि म्हणते, ‘त्यांच्या रक्तातच आहे.’

अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन क्लेपर यांनी अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटारउद्योगाच्या इतिहासात हेच फुटवे शोधले. ओल्ड्सच्या मोटार कारखान्याला गिअरबॉक्स पुरवणारे डॉज बंधू पुढे फोर्डला पुरवू लागले आणि १९१४ मध्ये त्यांनी स्वतःची मोटार काढली.

वातावरणाला काही अर्थच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पूर्व जर्मनीत १९२५ साली ज्या भागांत स्वयंरोजगार जास्त होता, त्याच भागांत चाळीस वर्षांच्या समाजवादानंतर, १९९० नंतर, तो पुन्हा जास्त दिसला, हे अर्थशास्त्रज्ञ मिखाएल फ्रिच यांनी दाखवलं आहे. घरात आजोबांचं दुकान होतं ही आठवण टिकते. पण आठवण सांगितल्याने टिकते, रक्तातून उतरत नाही.

वास्तुशास्त्राचंही या ‘रक्ता’सारखंच. ईशान्येला दार नाही म्हणून चांगल्या गाळ्याची भिंत फोडणारे लोक आहेत. तो खर्च एका चांगल्या व्हर्निअर कॅलिपरवर आणि उरलेला खेळत्या भांडवलात टाका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

नाशिकला ‘मदर इंडस्ट्री’, म्हणजे लहान युनिट्सना काम पुरवणारा मोठा कारखाना, हवी ही मागणी आपण सतत ऐकतो. मोठा कारखाना जरूर यावा. पण तो किती कोटी गुंतवणार याआधी विचारायला हवं, किती पार्ट इथे बनवून घेणार? सगळे सुटे भाग कंटेनरमधून येणार असतील तर ‘फ’ जागचा हलणार नाही.

आणि ‘ब’कडे तर आपण बघतच नाही. ऑर्डर असूनही युनिट बंद पडतं ते बऱ्याचदा पेमेंट अडकल्याने. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलमही आलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजावटीला धरता येत नाही. पहिल्या गावात ‘ब’ ३ वरून नुसता ४ झाला, तर ३५ वर्षांनी २०० युनिट्सच्या जागी १४२ उरतात.