राउटर मेलेला नाही, तो फाईल मागतोय

पावसाळा लागला की मालवण-देवगडकडे हे वाक्य हमखास कानावर येतं: "लायट गेली नि राउटर मेलो!" अपडेट चालू असताना वीज गेलेली असते, परत येते तेव्हा एकच दिवा लुकलुकतोय आणि वायफायचं नाव गायब. मग कुणाची तरी नजर लागते, दुकानदार नवा डबा पुढे करतो. (राउटरला लिंबू-मिरची बांधणारे अँटेनाला बांधतात. निदान पॉवर अडॅप्टरला तरी बांधा, झटका तिकडून येतो!) विजेने चिपच जळली असेल तर इलाज नाही. पण नुसतं अपडेट अर्धवट राहिलं असेल, तर राउटर बहुतेकदा वाचतो.

फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारा आतला प्रोग्राम, फ्लॅश चिपमध्ये असतं (वीज गेली तरी न विसरणारी चिप). अपडेट म्हणजे जुनं पुसून नवं लिहिणं. मध्येच वीज गेली की अर्धं नवं आणि अर्धं कोरं. मात्र त्याच चिपवर बूटलोडर नावाचा चिमुकला प्रोग्राम वेगळ्या जागी बसलेला असतो आणि साध्या अपडेटमध्ये सहसा त्याला हात लागत नाही. त्याला वायफाय येत नाही, वेबसाइट कळत नाही. बऱ्याच मॉडेलांत त्याला एवढंच येतं: केबलवरून टीएफटीपीने (फाईल पोचवायची एक अगदी साधी पद्धत) फर्मवेअरची फाईल मागणं.

हा टीएफटीपी माझा लाडका. १९८१ सालचा, आजही जिचा आधार घेतात ती सुधारित आवृत्ती १९९२ची. राउटर सर्व्हरच्या (फाईल देणारा, इथे केबलने जोडलेला लॅपटॉप) ६९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या दारावर, फाईलचं नाव पाठवतो. सर्व्हर ५१२ बाइटचा पहिला तुकडा देतो आणि थांबतो. "१ मिळाला" अशी पोच आली की दुसरा. ट्रकमधून चिरे उतरवताना पुढच्याने चिरा धरल्याशिवाय मागचा हात सोडत नाही, तसंच. पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा.

फाईल संपली हे कसं कळतं? ५१२पेक्षा लहान तुकडा आला की संपली. आता ८ एमबीची फाईल घ्या: बरोबर १६,३८४ तुकडे, शेवटचाही पुरता ५१२चा. म्हणून सर्व्हरला १६,३८५वा तुकडा पाठवावा लागतो, आत काहीही नसलेला! तो आला नाही तर राउटर वाट बघत बसेल.

जुन्या नियमात एक गंमतशीर खोट होती. उशिरा पोचलेली पोच दुबार आली की सर्व्हर पुढचा तुकडाही दोनदा पाठवी, त्याला दोन पोचा येत, आणि फाईल संपेपर्यंत सगळंच दुप्पट. दुबार पोचेला उत्तरच द्यायचं नाही, हा उपाय १९८९मध्ये सक्तीचा झाला.

दर तुकड्याला थांबायचं म्हणूनच सर्व्हर जवळ हवा. केबलवर एक फेरी १ मिलिसेकंदाची धरली तर ८ एमबी सुमारे १६ सेकंदांत. इंटरनेटवर ५० मिलिसेकंदांची धरली तर सुमारे पावणेचौदा मिनिटं. शिवाय होमस्टेचे चार राउटर असतील तर फाईल एकदाच उतरवायची. आमच्याकडे रेंज माडावर चढून शोधावी लागते, तिथे हे थोडं नाही.

सर्व्हर म्हणून लॅपटॉपवर टीएफटीपीडी६४ किंवा डीएनएसमास्क हा प्रोग्राम चालतो. लॅपटॉपला ठराविक आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांना १९२.१६८.०.६६ लागतो. फाईलचं नाव बूटलोडर मागेल तेच, अक्षरन् अक्षर. केबल लॅनच्या भोकात, रीसेट दाबून धरून राउटर चालू. फाईल जाईना तर आधी फायरवॉल (लॅपटॉपचा पहारेकरी) बघा, बहुतेकदा ६९ तिथेच अडतो. फाईल अचूक मॉडेलची असावी, आणि तिचा एसएचए-२५६ आकडा (फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा) कंपनीच्या साइटवर दिला असेल तर ताडून घ्या, कारण टीएफटीपीत ना पासवर्ड, ना एन्क्रिप्शन. काम झालं की सर्व्हर बंद, फायरवॉल चालू. आणि हे सगळं चालू असताना राउटर इन्व्हर्टरवर ठेवा.