इनडोअर स्प्रिंटमधील यार्ड-मीटर रूपांतर

बंदिस्त ट्रॅकवर यार्डांत धावलेल्या शर्यतीची वेळ मीटरच्या अंतरासाठी किती आली असती, हे काढण्याची पद्धत. प्रश्न प्रामुख्याने अमेरिकेचा आहे. तिथल्या सभागृहांत सरळ ट्रॅक आखूड असे आणि शेवटच्या रेषेपुढे धावपटूला थांबायला जागा लागे, त्यामुळे ६० यार्डांची दौड रूढ झाली. महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेत १९८४ पासून ५५ मीटर आणि २००० पासून ६० मीटर हे अंतर आहे. काही राज्यांतील शालेय स्पर्धा मात्र आजही ५५ मीटरच्या होतात.

१९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १ यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. त्या हिशेबाने ५० यार्ड म्हणजे ४५.७२ मीटर, तर ६० यार्ड म्हणजे ५४.८६४ मीटर. ५५ मीटर हे ६० यार्डांपेक्षा फक्त १३.६ सेंटिमीटरने जास्त असल्याने वेळेत जेमतेम ०.०१ सेकंदाचा फरक पडतो. ६० मीटरला मात्र ६० यार्डांपेक्षा ५.१४ मीटर जास्त धावावे लागते.

नेहमीची चूक त्रैराशिकाची. अमेरिकन धावपटू ली मॅकरे याने १९८६ मध्ये ५५ मीटर ६.०० सेकंदांत पार केले. ६.०० ला ६० ने गुणून ५५ ने भागले तर ६.५५ येते, पण हे उत्तर चुकीचे आहे. ६.०० सेकंदांत स्टार्टची प्रतिक्रिया आणि ब्लॉकमधून (सुरुवातीला पायांना रेटा देणाऱ्या ठोकळ्यांतून) सुटल्यावरचे संथ मीटरही आले, आणि त्रैराशिक तेही वाढवते. प्रत्यक्षात वाढीव ५ मीटर पूर्ण वेगात धावले जातात. या दर्जाचा धावपटू तेव्हा सेकंदाला साधारण ११.५ मीटर वेगाने पळत असतो, म्हणून ०.४३ ते ०.४४ सेकंद मिळवायचे, उत्तर ६.४४ च्या आसपास. शालेय धावपटूचा तिथला वेग ९.५ मीटर धरला तर ०.५३ मिळवावे लागतात. सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा त्यामुळे देता येत नाही. मूळ वेळेवरून धावपटूचा दर्जा ठरवावा आणि मगच बेरीज करावी.

अंतरापेक्षा मोठा घोटाळा घड्याळाचा असतो. स्टॉपवॉच दाबणारा पिस्तुलाचा धूर किंवा झोत पाहून उशिरा दाबतो, पण शेवट आधीच ताडतो. म्हणून हाताने घेतलेली वेळ कमी भरते, आणि तुलनेसाठी तीत ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे. अमेरिकन धावपटू बॉब हेजने १९६४ मध्ये ६० यार्डांत दिलेली ५.९ ही हातघड्याळाची वेळ स्वयंचलित मापनात सुमारे ६.१४ होते, ५५ मीटरसाठी ६.१५. आधी घड्याळ सुधारावे, मग अंतर. जुन्या नोंदीत दशांशानंतर एकच अंक असेल तर वेळ बहुधा हाताने घेतलेली असते.

अडथळ्यांच्या शर्यतीत हिशेब वेगळा. पुरुषांसाठी पहिला अडथळा १३.७२ मीटरवर आणि पुढचे ९.१४ मीटरच्या अंतराने असतात. ही मापे मुळात १५ आणि १० यार्डांची आहेत, मीटर आले तरी ती बदलली नाहीत. ६० यार्ड, ५५ मीटर आणि ६० मीटर या तिन्हींत अडथळे पाचच, शेवटचा ५०.२८ मीटरवर. फरक फक्त त्यानंतरच्या धावेचा: अनुक्रमे ४.५८, ४.७२ आणि ९.७२ मीटर. महिलांच्या ६० मीटरमध्ये पहिले अंतर १३ मीटर, मधली ८.५ मीटर, आणि शेवटी पुन्हा १३ मीटर धाव उरते. अडथळ्यांवर वेग सपाट दौडीपेक्षा कमी असल्याने सपाट दौडीचा मिळवणीचा आकडा इथे चालत नाही.

जमिनीवर मोजताना सुरुवातीच्या रेषेची मागची कड आणि शेवटच्या रेषेची सुरुवातीकडची कड धरतात. रेषा ५ सेंटिमीटर रुंद असते. चुकीची कड धरली तर तेवढा फरक पडतो. जुन्या सभागृहात ६० यार्डांची रंगवलेली रेषाच ५५ मीटर म्हणून वापरली, तर शर्यत १३.६ सेंटिमीटरने आखूड भरते आणि तिची वेळ विक्रमासाठी धरता येत नाही.